धूर ओढणारे यंत्र घेताना

गेल्या गणपतीत आमच्या पुतण्याचा मुलगा नऊ दिवस गावी आमच्याबरोबर होता आणि त्या नऊ दिवसांत एकदाही खोकला नाही. तेव्हा हे कोणाच्या लक्षातही आले नाही. आरत्या, पाहुणे, मोदक यांत खोकला नसण्याकडे कोण लक्ष देतो? फुलपाड्याला परत येऊन त्याने दुकान उघडले आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता पुन्हा तोच कोरडा खोकला आणि छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज. त्याची आई म्हणाली, "गावची हवाच वेगळी." हवेचेच कारण होते, पण ती म्हणत होती ती हवा नव्हे.

त्याचे दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा. पुढे काचेचा दरवाजा, आत छोटा एसी, मागच्या भिंतीला टेबल, आणि त्या टेबलावर मोबाइल, टीव्हीचे बोर्ड, इन्व्हर्टरची कार्डे. दिवसाचे नऊ-दहा तास तो सोल्डरची कावी हातात घेऊन, भिंगातून बघत, नाक कामापासून वीतभर अंतरावर ठेवून बसतो. वर्षभर त्याला खोकल्याची औषधे मिळत होती. शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी त्याला इतर काही विचारायच्या आधी विचारले, "तुम्ही काम काय करता?"

हा प्रश्न तीनशे वर्षे जुना आहे, हे मला माहीत होते (इतिहास शिकवल्याचा तेवढा एक फायदा!). इटलीतल्या मोडेना गावचा वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसणारा माणूस घाईघाईने काम उरकताना त्याने पाहिला आणि चौकशी केली. तेव्हा त्याला समजले की या कामात डोळे जातात. तिथून तो कुंभार, मुलामा देणारे, आरसे करणारे, छापखान्यातले अशा एकेका धंद्याच्या मागे लागला. व्हेनिसमधले तांबट ठोकून ठोकून बहिरे होतात हेही त्याने लिहून ठेवले आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगायला रामाझ्झिनी नको! त्याचे वैद्यांना सांगणे एवढेच होते की, रोग्याला जे जुने प्रश्न विचारता त्यांत एकाची भर घाला, तुझा धंदा कोणता? आमच्या नातवाला हा प्रश्न कानी पडायला एक वर्ष आणि बऱ्याच बाटल्या लागल्या. असो.

डॉक्टरांनी सांगितले की टेबलावर धूर ओढणारे यंत्र बसवा, आणि निदान पक्के होईपर्यंत फुंकायच्या एका नळीवरचे आकडे रोज लिहून ठेवा. नातू माझ्याकडे आला. "आजी, तू एवढे वाचत असतेस, जरा बघ ना कुठले घ्यायचे. दुकानात गेलो तर जो तो आपलेच खपवतो." मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. मला यंत्रातले काय कळणार? पण धूर ही गोष्ट माणसाइतकीच जुनी आहे, तेव्हा म्हटले बघू.

पहिला गैरसमज माझाच निघाला. मला वाटले, सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे, तेव्हा धुरात शिसे असणार आणि त्यानेच छाती बिघडली. तसे नाही. कथील ६३ आणि शिसे ३७ भाग हे मिश्रण १८३ अंशांना वितळते. कावीचे टोक साधारण साडेतीनशे अंशांवर असते. शिशाला उकळायला १७०० अंशांच्याही वर जावे लागते. त्यामुळे कावीच्या आचेवर शिशाची वाफ होत नाही म्हटले तरी चालेल. शिसे जाते ते हाताला लागून, त्याच हाताने वडापाव खाल्ला की पोटात. (हात धुण्यावरून मी त्याला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.) मग वर तरंगणारी ती निळसर-पांढरी रेघ कशाची? ती राळेची. सोल्डरची तार आतून पोकळ असते आणि तिच्या पोटात राळ भरलेली असते. बाजारात कोणी तिला बिरोजा म्हणतात, कोणी रोझिन.

राळ कशाला, हे समजायला मला कल्हईवाला आठवावा लागला.

माझ्या वयाच्या वाचकांना वर्णनाची गरज नाही, पण नातवंडेही हे वाचतात म्हणून लिहिते. दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा. वडाखाली किंवा विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत खड्डा करायचा, त्यात कोळसे, आणि खड्ड्याच्या तोंडाशी कातड्याचा भाता. भाता ओढायला त्याची बायको किंवा पोरगा. घराघरातून तांब्या-पितळेची पातेली, तपेली, परातींची रास लागायची. घासून घेतलेले भांडे आगीवर तापले की तो नवसागराची पूड आत टाकायचा, कथलाची कांडी भांड्याला टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात फिरवायचा. काळपट लाल भांडे आतून चांदीसारखे व्हायचे, मग पाण्यात बुचकळले की चर्र! आम्ही पोरे त्या एका क्षणासाठी तासभर उभी राहायचो. त्या क्षणाबरोबरच उठायचा तो नवसागराचा पांढरा लोट. नाकात गेला की डोळ्यांतून पाणी यायचे.

नवसागर तापला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा धातूवरचा काळा थर खाऊन टाकतो म्हणून कथील उघड्या तांब्याला चिकटते. वर हवेत ते दोघे पुन्हा एकत्र येतात आणि पांढरा धूर दिसतो. सोल्डरच्या तारेतल्या राळेचे कामही हेच. तांब्यावरचा थर काढायचा आणि कथलाला वाट करून द्यायची. म्हणजे आमचा नातू जे करतो ती आकाराने बारीक झालेली कल्हईच आहे. धातूही तोच, कथील. फरक एवढाच की कल्हईवाला वडाखाली बसायचा. त्याचा धूर कुठे जायचा हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण वर आकाश होते. तरीही तो आणि भात्यावरचे पोर त्यातले पुष्कळ गिळत असणार. आम्ही त्याला कधी विचारले नाही की बाबा तुला खोकला येतो का. आई त्याला चहा द्यायची, आणि पैशांत घासाघीस करायची.

धूर खोलीत आला तो सोनाराकडे. सोनाराला झाळायला टाकणखार लागतो आणि फुंकणी. फुंकणीची झोत भलतीकडे जाऊ नये म्हणून तो दार-खिडकी लोटून बसणार, हे ओघाने आले. जुन्या काळी त्याच्या डाखात तांबे असायचे. पुढे कॅडमियमचा डाख आला, ज्याला आपण केडीएम म्हणून ओळखतो. एकेकाळी लग्नाच्या खरेदीत "केडीएमचे आहे ना?" असे आम्हीही ऐटीत विचारत होतो! गिऱ्हाइकाला त्यात शुद्धतेची खात्री वाटायची. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते आणि सोने झाळताना तेवढी आच सहज होते. म्हणजे शिशाच्या बाबतीत जे होत नाही तेच इथे होते, धातूच वाफ होऊन छातीत उतरतो. त्याची किंमत सोनाराच्या फुप्फुसांनी आणि मूत्रपिंडांनी मोजली. हॉलमार्कच्या नियमांत आता कॅडमियमला जागा नाही.

आपल्याकडे घरोघरच्या वस्तूंत राळेची तार आली ती रेडिओमुळे. पत्र्याचे डबे, कंदील झाळणारे लोक आम्लात जस्त विरघळवून ते पाणी लावत. ते जोरदार काम करते, पण मागे राहिले तर बारीक तार खात बसते. रेडिओला ते चालत नाही. राळ मात्र थंड झाली की निमूट पडून राहते. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ सालीच प्रक्षेपण सुरू केले होते, आणि २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. कंपनी तीनच वर्षांत बुडाली, पण रेडिओ राहिला. १९५७ मध्ये विविध भारती आली, पाठोपाठ ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोचले, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) म्हणजे सुटे भाग आणि दुरुस्ती हे समीकरण पक्के झाले. उपनगरांतही स्टेशनजवळ एखादा रेडिओवाला असायचाच. आमच्या माहितीतला एक तर जिन्याखाली बसायचा. उघड्या पडलेल्या रेडिओंच्या मधे एक चष्मा, आणि एक सुवासिक धूर.

सुवासिक हा शब्द मी मुद्दाम लिहिला. या धुराने फसवले ते त्याच्या वासामुळे. राळ म्हणजे पाइनच्या झाडाचा चीक. हिमालयात चीडच्या झाडांना चिरा पाडून तो गोळा करतात. तो तापवला की टर्पेंटाइन उडून जाते आणि मागे राहते ती राळ. इंग्रजांच्या काळात बरेलीजवळ क्लटरबकगंजला याचा मोठा कारखाना होता. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती हीच. आपल्याकडे राळ हा शब्दच उत्सवी आहे. मशालीवर राळ उडवून भडका करणे आमच्या लहानपणी नाटकात, सोंगांत चालायचे (तिथली राळ बहुधा सालवृक्षाची). देवाधर्माशी जोडलेल्या, झाडातून आलेल्या वस्तूचा धूर वाईट असेल असे मनात येत नाही. नातूही मला म्हणाला होता, "आजी, वास तर चांगला येतो."

तो धूर वाईट आहे हे नीट सिद्ध झाले ते १९७० च्या दशकात, लंडनमध्ये. तिथल्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतले दम्याचे रोगी येऊ लागले. १९७६ मध्ये त्यांनी सोल्डरमधल्या राळेच्या धुराने दमा होतो हे प्रसिद्ध केले. पुढे शेरवूड बर्ज या डॉक्टरांनी कारखान्यातच जाऊन तपासणी केली. त्यांची युक्ती मला फार आवडली, कारण ती शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. फुंकर किती जोरात मारता येते ते मोजणारे यंत्र मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये केले होते. बर्ज यांनी कामगारांना त्याची छोटी आवृत्ती दिली आणि कामावर, घरी, सुट्टीच्या दिवशी, दिवसातून अनेक वेळा फुंकून आकडा लिहायला सांगितले. आकडे कामाच्या दिवसांत खाली उतरत आणि सुट्टीत वर चढत. काहींचे तर शनिवार-रविवार या दोन दिवसांत पुरते वर येतच नसत, त्यासाठी मोठी सुट्टी लागे. म्हणून रोग्याला स्वतःलाही कळत नसे की आपला आजार कामावरचा आहे. गणपतीतले ते नऊ दिवस मला हे वाचताना आठवले.

त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मी नातवाला लगेच सांगितला नाही. बर्ज यांनी त्या रोग्यांचा नंतर पाठपुरावा केला. राळेचे काम सोडलेल्यांपैकीही अनेकांचा त्रास पूर्ण गेलेला नव्हता. शरीराने एकदा एखाद्या वस्तूशी वैर धरले की मग अगदी थोडीही पुरते.

आपल्याकडे अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ सुरू झाले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. आमच्या भागातल्या कितीतरी मुली सकाळची विरार लोकल पकडून तिथे जोडणीच्या कामाला जात. बायकांची बोटे बारीक कामाला चांगली, असे तेव्हा कौतुकाने म्हटले जाई. त्यांच्या फुंकरीचे आकडे कोणी लिहिले असतील तर माझ्या वाचनात आलेले नाहीत.

मध्येच एक सुधारणा झाली ती उलटी लागली. युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत वस्तूंत शिसे वापरायला बंदी घातली. पर्यावरणासाठी हे योग्यच होते. पण शिसे नसलेले सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते. कावी अधिक तापवावी लागते, राळही अधिक लावावी लागते, म्हणजे धूर वाढतो. "आमचे सोल्डर लेड-फ्री आहे, धुराची काळजी नको" असे एका दुकानदाराने नातवाला सांगितले, त्यात अर्धेच सत्य होते.

आता यंत्राकडे येते. धूर ओढायची कल्पना खाणीतून आली. १५५६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात अ‍ॅग्रिकोलाने खाणीत वारा खेळवायच्या पंख्यांची आणि भात्यांची सुंदर चित्रे दिली आहेत. तो स्वतः खाणगावात वैद्य होता. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळ सात-सात नवरे धुळीने गमावलेल्या बायका भेटतात, असे त्याने लिहिले आहे. पण खाण म्हणजे मोठा पसारा. एका माणसाच्या एका कामाच्या टेबलासाठी धूर ओढायची सोय मला सापडली ती पॅरिसमध्ये.

पॅरिसचे कारागीर काशाच्या मूर्तींना, घड्याळांना सोन्याचा मुलामा द्यायचे. सोने पाऱ्यात विरघळवून लावायचे आणि मग तापवून पारा उडवून द्यायचा. सोने राही मूर्तीवर आणि पारा जाई कारागिराच्या अंगात. हात थरथरू लागत, दात पडत. राव्रिओ नावाचा या धंद्यातला एक मोठा कारखानदार १८१४ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात ३००० फ्रँक ठेवले होते. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवायची रीत जो शोधील त्याला ते बक्षीस. ज्यांच्या कामावर आपण श्रीमंत झालो त्यांची आठवण मरताना तरी ठेवणारा हा माणूस मला मोठा वाटतो. बक्षीस मिळाले दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला, आणि १८१८ मध्ये त्याने आपली रीत पुस्तकरूपाने छापली. रीत साधी होती. भट्टीवर उतरते छत, वर उंच धुराडे, आणि त्या धुराड्यात हवा खेचली जावी म्हणून शेजारी एक वेगळी छोटी आग. गरम हवा वर चढते आणि जाताना कामावरची वाफ ओढून नेते. पुढे विजेचा पंखा आला, त्या छोट्या आगीची जागा त्याने घेतली. बाकी सगळे तेच.

आपल्या मुंबईत या काळात धुराडे म्हणजे गिरण्यांची. पहिली गिरणी १८५४ मध्ये दावरांनी काढली, आणि साठ वर्षांत शहर इतके काळे झाले की १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. तो मात्र बाहेर पडणाऱ्या धुराचा, शहरातल्या लोकांसाठी. आत काम करणाऱ्याच्या नाकाचा विचार १९४८ च्या कारखाने कायद्यात नेमकेपणाने आला. त्याचे १४ वे कलम मी मुद्दाम वाचले. धूळ किंवा धूर जिथे निर्माण होतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ओढणारे साधन लावावे, आणि ती जागा होईल तितकी बंदिस्त करावी, असा त्याचा आशय. दार्सेचीच रीत, कायद्याच्या भाषेत. पण वीज वापरणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगार असलेला, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता लागू झाली, तिच्यात हा आकडा २० आहे. आमच्या नातवाच्या गाळ्यात तो आणि त्याचा एक मित्र. जिन्याखालचा रेडिओवाला एकटाच. कल्हईवाला, त्याची बायको आणि भात्यावरचे पोर. यांच्यापर्यंत कलम कधी पोचलेच नाही.

कलमातले "शक्य तितक्या जवळ" हे शब्द किती महत्त्वाचे, ते मी नातवाला शाळेतल्या पद्धतीने दाखवले. मेणबत्ती लावली आणि म्हटले, फुंकर मार. हातभर अंतरावरून विझली. आता श्वास आत ओढून विझव. ओठ भाजायची वेळ आली तरी ज्योत हलेना! फुंकलेली हवा झोतासारखी लांब जाते, पण ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. अमेरिकेत डालाव्हाले याने १९३० च्या दशकात याची मोजमापे घेतली. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके लांब गेलात की ओढ सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे चार इंची नळी चार इंचांवर ठेवली तरी नव्वद टक्के जोर गेला. सोल्डरचा धूर पकडायला तो जिथे उठतो तिथे हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर तरी हवा.

हे कळल्यावर निम्मे पर्याय आपोआप बाद झाले. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन बाद, कारण तिथे पोचायच्या आधी धूर नाकासमोरूनच वर जातो. सर्वांत स्वस्त म्हणजे टेबलावर ठेवायचा चौकोनी पंखा, पुढे काळ्या स्पंजाची चकती. नातवाने तो आधीच आणला होता. धूर समोरून वळून त्यात जाताना दिसतो आणि बरे वाटते. पण मागून काय येते? राळेच्या धुराचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, ते विरळ स्पंजातून बरेचसे तसेच पार होतात, आणि पंखा ते खोलीत पसरवतो. दहा बाय आठची बंद खोली, वर एसी तीच हवा फिरवतो. नाकासमोरचा धूर खोलीभर करण्याचे हे यंत्र. परत करायला गेला तर दुकानदाराने घेतले नाही.

खरी गाळणी असलेली यंत्रे वेगळी. त्यांत दोन थर लागतात. कणांसाठी हेपा, जी १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तयार झाली आणि ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरते. वायूंसाठी कोळसा, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांत भरला गेला. वायू धरायला उत्तम कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो, त्या युद्धात अमेरिकेने करवंट्या आणि फळांच्या कोया गोळा केल्या होत्या. आपल्या वसई-विरारच्या वाड्यांत करवंट्या बंबात जातात, हे आपले जाता जाता. अशी यंत्रे चांगली, पण महाग, आणि गाळण्या भरल्या की बदलाव्या लागतात. न बदललेली गाळणी म्हणजे पुन्हा तो स्पंजच. नातवाचा हिशोबी स्वभाव मला माहीत आहे. तो एक गाळणी तीन वर्षे चालवणार!

उरला धूर सरळ बाहेर टाकायचा पर्याय. लवचिक नळी, तिच्या तोंडाला फनेल, मध्ये नळीतच बसणारा पंखा आणि दुसरे टोक बाहेर. पण बाहेर कुठे? मागच्या भिंतीला झरोका आहे, पण त्याखालीच शेजारच्या बाईंचा पोळी-भाजीचा ओटा. आपल्या छातीतला धूर काढून तिच्या छातीत घालायचा, हे १९१२ च्या गिरणीवाल्यांसारखेच झाले. यावरून घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी नळी झरोक्यातून बाहेर काढून भिंतीलगत उभी वर, पत्र्याच्या छपरापेक्षा पुरुषभर उंच नेली, वर पावसाची टोपी बसवली. नळी लांबली म्हणून पंखा एक माप मोठा घ्यावा लागला, आणि तो आवाज करतो. नळीला वळणे दोनच ठेवली, कारण प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. फनेल एका वाकणाऱ्या दांडीवर आहे, कावीपासून चार बोटांवर येते. एसी तेवढी थंड हवा बाहेर जाते म्हणून कुरकुरतो. दरवाजाखाली फट ठेवली, नाहीतर आत हवा येणार कुठून आणि बाहेर जाणार काय.

पहिल्या दिवशी मी उदबत्ती घेऊन गेले आणि फनेलभोवती फिरवली. सहा बोटांपर्यंत धूर मान वाकवून आत गेला. आठ बोटांवर सरळ वर. नातवाने टेबलावर पांढऱ्या रंगाने तिथे रेघ मारली आहे, काम रेघेच्या आतच करायचे.

बर्ज यांच्या अभ्यासाचा तो पुढचा भाग मी मग त्याला सांगितला. डॉक्टरांनीही तेच सांगितले होते, फक्त तो ऐकत नव्हता. यंत्र त्याच्या मित्राला वाचवील, त्याला स्वतःला तेवढे पुरेल याची खात्री नाही. बराच वेळ गप्प बसला. ही कावी त्याने अकरावीत असताना पहिल्यांदा धरली होती आणि गल्लीत कोणाला न जमलेले बोर्ड तो चालू करतो, याचा त्याला अभिमान आहे. सध्या असे ठरले आहे की तो पुढे काउंटरवर स्क्रीन आणि बॅटरी बदलायची कामे बघेल, मागे फनेलखाली मित्र सोल्डर करील, आणि तीन महिन्यांचे आकडे घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायचे.

दोघेही रोज चार वेळा नळीत फुंकतात. वहीचे रकाने मी पट्टीने आखून दिले आहेत. यंत्र बसण्याआधीच्या आठवड्यात नातवाचा सकाळचा आकडा ४२० होता आणि रात्रीचा ३४०. काल रात्री ३९०. मित्राचा सगळा आठवडा ५०० च्या आसपास. तो हसतो आणि म्हणतो, "आजी, मला काही झालेले नाही, मी कशाला फुंकू?" मी त्याला म्हटले, तू फुंक, मी लिहिते.